पत्राखालची ओळ

गुलू, सोमवार, ३ ऑगस्ट

प्रिय ओनेन, आणि आपल्या मेल-यादीवरच्या सगळ्या आईबापांना नमस्कार.

अदोंगच्या अबेरला कालपासून ताप आहे. सिकलसेलचं लेकरू, अंग ठणकतंय, रडायचंही त्राण नाही. घरीच थांबू की दवाखाना गाठू, असं अदोंगने काल इथेच तुला विचारलं. तुझं एक अक्षर नाही! यादीत डॉक्टर तू एकटा. कंपालाच्या मोठ्या रुग्णालयात गेलास, आता आम्ही कोण तुझे? तुझा दादा असता तर कान पिळला असता.

लामवाका वहिनी

पोरांना पाणी पाजलंत का? – कोमाकेच


गुलू, बुधवार, ५ ऑगस्ट

प्रिय ओनेन,

बरा असशील. इकडे तीळ पेरून झाले.

तुला चारचौघांत बोलले, म्हणून आज सकाळी यादीवर चारचौघांतच माफी मागितली. हे पत्र सरळ तुलाच, उरलेलं सांगायला.

काल यादीच्या संस्थळावर जुनी पत्रं काढून बसले. तिथे तुझं रविवारचं उत्तर! ‘ताप आहे ना? मग थांबू नका, उचला आणि न्या.’ जूनपासूनची तुझी सगळी उत्तरं तिथे आहेत, आणि आमच्या कुणाच्याच मेलपेटीत एकही नाही. अदोंग रात्रभर फोन हातात धरून बसली होती रे. शेवटी सोमवारी रात्री पोरीला नेलं. श्वास अजून जड आहे.

आपली लाकोत बँकेत संगणक बघते. तिला बोलावलं.

“मावशी, जूनपासून डॉक्टरांचं रुग्णालय मेलवर मोहोर मारतं. वाटेत एक अक्षर वाढलं की मोहोर मोडते. मग समोरची पेटी म्हणते, खोटं पत्र, चालतं व्हा. आपल्या साध्या पत्रांना मोहोरच नाही, ती जातात.”

“पण अक्षर वाढवतंय कोण?”

ती माझ्याकडे बघेना. “आपली यादीच. प्रत्येक पत्राखाली ती ओळ चिकटवते ना.”

कोमाकेचची, तुझ्या दादाची ओळ. मी तिच्यावरच उखडले, दुसरं काहीतरी बघ म्हणाले. पोर वॉर्डात पडलेलं आणि मी एका ओळीसाठी भांडत होते! काय करू, तो गेल्यापासून रोज कुणाच्या ना कुणाच्या पत्राखाली मला भेटायचा. यादी त्यानेच सुरू केली, आणि सिकलसेलच्या पोरांना पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, म्हणून पाणी पाजा, पाणी पाजा करत जन्मभर सगळ्यांच्या मागे लागला.

मग मीच ती ओळ काढली.

हे लिहिताना फोन वाजला. यादीवर तुझं पत्र. ‘वहिनी, हे पोचलं का? तिथल्या डॉक्टरांशी बोललो, अबेरला रक्त लावलंय. मी रात्रीच्या बसने निघतोय.’ अदोंग ते वाचून मोठ्याने रडली. माझी नजर सवयीने खाली गेली. तिथे काही नव्हतं.

ये लवकर. हे पत्र यादीतून जात नाही, म्हणून ती ओळ इथे मी हाताने लिहिते.

लामवाका

पोरांना पाणी पाजलंत का? – कोमाकेच