अंगणात दवंडी चालत नाही

प्रिय माई,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय. त्यातून भलता अर्थ काढू नका.

तुमच्या तेराव्याला धायरीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो मला सांगत होता, "माईंसारखी माणसं जोडणारी बाई पाहिली नाही हो." मी मान हलवत होते आणि जिलबी वाढत होते. सुनेनं तेव्हा बोलायचं नसतं. आता बोलते.

आत्ताच का? तर येरवड्याच्या निमाताईंचा आज फोन आला. तुमचा उजवा हात! म्हणाल्या, "स्नेहल, चैत्रातलं हळदीकुंकू जवळ आलं. अंगणात बोलावणं कोण करणार?" मग चाचरत आणखी एक गोष्ट सांगितली. त्या गोष्टीमुळेच हे पत्र लिहायला बसले, पण आधी माझा राग ऐकून घ्या. मध्ये बोलायची सोय तुम्हाला आता नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

अंगण मी उभं केलं, एवढं तरी मान्य कराल की नाही? गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तुम्ही पलंगावर पडून टीव्हीतल्या सुनांना शिव्या घालत होतात, आणि मध्येच माझ्याकडे बघत होतात. खराडीला माझी नोकरीच ही. पडद्यावरच्या खोट्या जगात खरी माणसं येतील, रमतील, भांडली तर समेट होईल आणि दुसऱ्या दिवशी परत येतील, हे बघण्याचा मला पगार मिळतो. म्हटलं, घरच्या माणसासाठीही करून पाहू. तशाच एका जगात मोकळी जागा घेतली, एक गल्ली आखली, मधे कडुनिंब आणि पार, नाव अंगण. त्या गल्लीत फिरायला तुमची बाहुली केली, हिरवी काठपदराची साडी, चष्मा. टॅब हातात दिला तर पहिलं वाक्य काय? "मी एवढी जाड दिसते?"

थँक यू म्हणायला जीभ झडली असती का हो?

मग तुमच्या भिशीतल्या बायका आल्या. त्यांच्या बहिणी आल्या. मुलाकडे परदेशात जाऊन चार भिंतींत कंटाळलेल्या आल्या. प्रत्येकीला घर, दार, दारापुढे रांगोळी. बाहुल्या पारावर बसायच्या आणि मागून खरे आवाज यायचे, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्टीसकट. तुम्ही म्हणालात, "कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, ते माझ्याकडे असू दे. तुला कुठे वेळ असतो?" सगळे हक्क तुमच्या नावावर करून दिले. घरात शांतता हवी होती, दुसरं काय!

आणि तुमचा तो नियम. आमच्या ऑफिसात कार्यक्रम असला की एक बटण दाबतो, सगळ्यांना निरोप जातो, येतात मोजकेच. तुमच्यासाठीही मी एक भोंगा ठेवला होता, पारापाशी. एकदा बोललं की गल्लीभर ऐकू जाईल. तुम्ही त्याला हातही लावला नाहीत. "बोलावणं दारात जाऊन करतात. अंगणात दवंडी चालत नाही." मग बाहुली घेऊन दारोदार जायचात. जी आत नसेल तिच्याकडे संध्याकाळी पुन्हा. फोनवरचं बोलावणं तर तुम्ही बोलावणं धरतच नव्हतात. आणि सगळ्या यायच्या! आंब्याची डाळ जिनं तिनं आपल्या घरी करायची आणि एकदम पहिला घास घ्यायचा. सवाष्ण आहेस का, हे कुणाला विचारायचं नाही, हेही तुमचंच. हे चांगलं होतं. चांगलं तेवढ्याला चांगलं म्हणते, मी तुमच्यासारखी नाही.

आता माझ्या आईबद्दल.

बाबा गेल्यावर ती अमरावतीच्या घरात एकटी. पुण्यात ये म्हटलं की म्हणायची, "मले तिथं कोन ओळखते?" म्हणून तिला टॅब पाठवून अंगणात घर दिलं, तुमच्या समोरच्या प्लॉटवर. पहिले काही दिवस ती नुसती दारात उभी राहायची. मग कुणीतरी तिचं बोलणं ऐकून हसलं, तीही हसली, आणि मग ती थांबेचना. बायका तिच्या ओट्यावर जमू लागल्या. तुमचा पार ओस पडायला लागला. ते तुमच्या डोळ्यांत खुपत होतं, हे मला चहा ठेवताना तुमच्या भांडी आपटण्यावरून कळायचं.

कोजागिरीला तिनं भुलाबाई मांडली. तुमच्या पुण्याला भोंडला माहीत, भुलाबाई नाही. तिनं हौसेनं त्या भोंग्यात तोंड घातलं, "या वं बायाहो, माह्या घरी भुलाबाई बसली हाय, खिरापत ओळखा!" गल्ली रिकामी झाली, सगळ्या तिच्या ओट्यावर. तिकडे तिच्या हातात डबा, इकडे सगळ्या त्याचा खुळखुळाट ऐकून ओरडतायत, करंजी, शंकरपाळे, चिवडा! आई इतकी हसलेली मी बाबा गेल्यानंतर ऐकली नव्हती.

तुम्ही आलात, दारातच थांबलात आणि सगळ्यांसमक्ष म्हणालात, "आमच्याकडे दारात जाऊन बोलावतात, विहीणबाई. भोंगा लावून भंगार गोळा करतात."

दुसऱ्या दिवशी आईनं टॅब उघडला तर ती गल्लीच्या बाहेर. आत प्लॉट रिकामा. घर नाही, दार नाही, रांगोळी नाही. तुम्ही शेंगा सोलत होतात. मी विचारलं तर मान वर न करता म्हणालात, "नियम म्हणजे नियम." केदार म्हणाला, "अगं, खेळच आहे तो." तुमचा मुलगा शोभतो खरा!

खेळ? माझी आई सकाळी न्हाऊन, केस विंचरून त्या टॅबपुढे बसायची. तिला तिथे कुणी बघणारं नव्हतं, तरी विंचरायची. ते बंद झालं. मी म्हटलं, आई, तुला दुसरीकडे घर देते. तर म्हणाली, "नको. जिनं काहाडलं तिनंच बोलवाले यावं. आन मले त्यायच्याच रीतीनं बोलवा म्हना, दारात येऊन." तरी फोनवर विचारायचीच, निमाबाईचा खोकला गेला काय, अमक्या बाईची सून बाळंत झाली काय.

तुम्ही आजारी पडलात, दवाखान्यात नेलं. तिथंही टॅब उशाशी. मी डबा घेऊन यायचे, तुमचे पाय चेपायचे, आणि मनात एकच असायचं. आज म्हणतील, आईला बोलाव म्हणून. तुम्ही म्हणायचात, "भाजीला मीठ कमी आहे." शेवटपर्यंत मीठच कमी!

तर निमाताईंनी सांगितलं ते हे.

दवाखान्यात गेल्यापासून तुम्ही रोज दुपारी अंगणात पारावर न बसता आईच्या रिकाम्या प्लॉटसमोर जाऊन उभ्या राहत होतात. निमाताईंनी एकदा विचारलं, "माई, इथे काय?" तुम्ही म्हणालात, "बोलावणं करायचंय. पण दारच नाही."

माई! दार तुम्हीच काढलंत ना? पुसायला एक बोट पुरलं, मग परत मांडायला मला एक शब्द सांगायला काय झालं होतं? मी तुमच्या पायाशी बसले होते हो! टॅबच्या शेजारी तुमचा फोन होता, त्यात आईचा नंबर होता. "या" एवढं म्हटलं असतं तरी ती रडत आली असती. पण नाही. फोनवरचं बोलावणं म्हणजे बोलावणं नव्हे. सुनेकडे मागणं म्हणजे कमीपणा. रिकाम्या जमिनीसमोर उभं राहायचं, आणि तशाच अवस्थेत जायचं. कसला हा ताठा! कुणाचं भलं झालं त्यानं?

मी हे ऐकून खूप रडले आणि त्याहून जास्त चिडले. तुमच्यावर नुसतं चिडणं किती सोपं होतं. तेही तुम्ही ठेवलं नाहीत.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "दुखण्यातली बाई, उभी काहून राह्यली? बसाचं तरी." आणि नाक ओढलं.

केदारनं मघाशी तुमचा टॅब माझ्याकडे दिला. हक्क आता माझ्याकडे आहेत. उघडून पाहिलं. बाहुली सोडावी तिथे राहते, हे तुम्हाला मीच शिकवलं होतं. तुम्ही तिथेच आहात. हिरवी साडी, चष्मा, तोंड प्लॉटकडे.

मनात आलं, तुमच्या बाहुलीतून मीच बोलावं, "विहीणबाई, चुकलं." कुणाला कळलं असतं? आईला कळलं असतं. आणि तुमच्या वाटची माफी मी का मागू?

तेव्हा आता ऐका, हा माझा शब्द आहे. तुमची बाहुली मी एक पाऊलही हलवणार नाही, तिच्या तोंडून एक अक्षर बोलणार नाही. टॅब चार्जिंगला लावून ठेवीन. तुमच्यासमोर आईचं घर होतं तसं परत उभं करीन, ओटा, रांगोळी, सगळं. आणि दार बरोबर तुमच्या नाकासमोर येईल असं लावीन. मग आईला फोन करून एवढंच सांगीन की आत जा आणि दार उघडून बघ, कोण आलंय.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही फक्त उभ्या राहा.

तुमची सून,
स्नेहल