गच्चीवरची टाकी आणि माझी सही

३ मे ८४, गुरुवार
सोसायटीत तिसरी कावीळ. या वेळी सात नंबरची चिऊ. पोरीचे डोळे बघवत नाहीत.
दुपारी गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं. गंजलेला पत्रा, नुसता टेकवलेला. आत कबुतराची पिसं, तळाला बोटभर गाळ. इमारत बांधल्यापासून टाकी धुतलेलीच नाही म्हणे. आणि मी इथली सचिव. वार्षिक सभेत कुणालाच नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. "पगारेबाई शाळेत विज्ञान शिकवतात, त्यांना द्या." दिलंत ना? मग आता भोगा.

५ मे
पाणीपुरवठा खात्यात जाऊन आले. कारकून भला माणूस. म्हणाला, मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या पुढे सोसायटीचं. म्हणजे माझं. टाकी वर्षातून दोनदा धुवायची, ब्लीचिंग टाकायची, मग नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. रिपोर्ट चांगला आला की 'पाणी पिण्यास योग्य' असं लिहून, खाली सही करून फळ्यावर लावायचं.
अध्यक्ष बोरस्तेसाहेबांना सांगितलं. म्हणाले, "बघू सुटीनंतर." सुटीनंतर चौथी कावीळ बघायची का?

७ मे, सोमवार
टाकी धुणारा आलाच नाही. अकरापर्यंत वाट पाहिली, मग पदर खोचला आणि मीच उतरले. हे वरून बादल्या ओढत होते. काथ्यानं भिंती घासल्या, गाळ उपसला, तीन पाण्यांनी धुतलं, ब्लीचिंगचा हात फिरवला. बोटांची सालं गेलीत, पेन धरवत नाही. पण टाकी आतून अशी स्वच्छ की मान वर करून बघतच राहिले.
गच्चीच्या दारात चारपाच जण उभे. बघत होते. समोरच्या कुलकर्णी वहिनींनी तेवढा चहा पाठवला.

८ मे
सकाळपासून सगळे हंडे-कळश्या घेऊन कोपऱ्यावरच्या बोअरिंगवर. बारा बिऱ्हाडांपैकी नऊ. विचारलं तर म्हणे ब्लीचिंगचा वास येतो. माठात भरून ठेवा, तासाभरात जातो, म्हटलं. माना डोलावल्या आणि पुन्हा बोअरिंगवर.
मागच्या वर्षी प्लंबर गळती काढायला चपलांसकट टाकीत उतरला होता. तेव्हा सगळे घटाघटा प्यायले. वास कशाचा येतोय ते मला कळतं. चाळिशी उलटली माझी, लहान नाही मी.
हे म्हणाले, सोडून दे. नाही सोडणार.

९ मे
प्रयोगशाळेच्या बाटलीत नमुना घेतला. तोटीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून, पाणी थोडं वाहू देऊन. रिक्षात बाटली मांडीवर धरून नेली, तान्ह्या बाळासारखी.

११ मे
चमत्कार. बोअरिंगवर आज एकही कळशी नाही. सगळ्यांकडे टाकीचं पाणी. बोरस्तेसाहेब जिन्यात स्वतःहून म्हणाले, "पाणी छान आहे हो बाई." म्हणजे माणसं समजावलं की समजतात. उगाच मनात काय काय आणलं मी! आज फार बरं वाटतंय.

१२ मे, शनिवार
रिपोर्ट आला. पिण्यास योग्य.
नाचतच कुलकर्णी वहिनींना दाखवायला गेले. त्या हसल्या. म्हणाल्या, "येणारच होता. गुरुवारी पहाटे गंगेवर गेले होते ना, येताना तांब्या भरून आणला आणि टाकीत ओतला. सगळ्यांना तसं सांगितलं. तेव्हा कुठे लोक पाणी भरायला लागले. तुमच्यासाठीच केलं हो."
ज्या गंगेवर, म्हणजे गावातल्या नदीवर, माणसं आंघोळ करतात, धुणी धुतात, म्हशी बसतात, तिथलं पाणी. मी घासलेल्या टाकीत.
माझ्या बाळंतपणात हीच बाई पंधरा दिवस डबा देत होती. तिला काय बोलू? घरी आले. रडले. मग राग आला तो अजून जात नाही.

१३ मे
बोरस्तेसाहेब कागद घेऊन दारात. रिपोर्ट आलाय, सही करा. म्हटलं, रिपोर्ट बुधवारच्या पाण्याचा आहे, तांब्या गुरुवारी ओतला.
"अहो, एवढ्या टाकीत एका तांब्यानं काय होतं?"
"कदाचित काहीच नाही. पण मला माहीत नाही. जे माहीत नाही त्याच्याखाली सही करत नाही मी."
पुढच्या रविवारी खास सभा. विषय: सचिव बदलणे. बदला.
रात्री ह्यांनी विचारलं, राग पाण्याचा की माणसांचा? दोन्हींचा. खोटं कशाला लिहू?

१४ मे
फळ्यावर सूचना लावली: 'नवीन रिपोर्ट येईपर्यंत पाणी उकळून प्यावे.' दुपारी फाडलेली. दुसरी लावली. संध्याकाळी तीही नाही. तिसरी खळ फासून चिकटवली. वहीला पानं भरपूर आहेत.

१७ मे
प्रयोगशाळेत धुतलेल्या बाटल्याच नव्हत्या, आज मिळाली. दुसरा नमुना दिला. रिपोर्ट सोमवारी. सभा रविवारी. माझंच नशीब.

१९ मे, शनिवार
दिवसभर एकच विचार. रिपोर्ट चांगला आला तर म्हणतील, तीर्थानं शुद्ध झालं. वाईट आला तर म्हणतील, पगारेबाई उतरली म्हणून. दोन्हीकडून मीच.
तरी चांगलाच यावा. चिऊ आज पहिल्यांदा जिना उतरून खाली खेळायला आली होती. ती तेच पाणी पिते.
संध्याकाळी कुलकर्णी वहिनी आल्या. आठवड्यानं. खुर्चीत बसून पदराचं टोक पिळत राहिल्या. आमच्याकडे त्या चहा घेतात, पोहे खातात. पाणी आजवर कधी घेतलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आज पेला भरून समोर ठेवला.
त्यांनी पेला जवळ ओढला. मग म्हणाल्या, "उकळलेलं आहे ना?"
"आहे."
अर्धा पेला प्यायल्या. उरलेला हातात तसाच. उद्या सभेला येणार म्हणाल्या, काय बोलणार ते सांगितलं नाही. मी माझं सांगितलं. रिपोर्ट काही येवो, सचिव राहो न राहो, सोमवारी टाकी पुन्हा धुणार आणि आत मीच उतरणार.
"मग परत सगळे बोअरिंगवर जातील हो."
"जाऊ देत. बोअरिंगचाही नमुना पाठवते."