खुर्चीवर चालू राहिलेला कॅमेरा

प्रिय प्रियदर्शनी,

सप्रेम जयभीम. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. तुझ्या लग्नाचा व्हिडिओ मी स्वतः एडिट करते आहे. हसू नकोस. दुकानदाराने आपल्या शूटिंगवरून करून दिलेल्या डीव्हीडीत तुझ्या सासूबाई फुलं टाकताना त्यांच्या हाताला कंगव्यासारखे दात फुटत होते. विचारलं तर म्हणाला, कॅमेरा जुना आहे, मॅडम. मला ते पटलं नाही.

कारण शोधलं. आपला कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत घेतो, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. सॉफ्टवेअरला हे सांगावं लागतं. त्यातही वरची ओळ आधी की खालची, हे निवडायचं असतं. मी एकच तुकडा दोन्ही सेटिंगवर काढून पाहिला. खालची निवडली तर धर्मराजराव थरथरत स्टेजवर चढले. वरची निवडताच जावई नीट चालू लागले. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला यायची तशी मजा बऱ्याच वर्षांनी आली.

बाबा शेजारी पेपर वाचत बसतात, काही विचारत नाहीत. टेंभुर्णीच्या पाटलांचा मुलगा तू निवडलास तेव्हापासून ते तुझ्याशी बोलले नाहीत. लग्नातही फक्त शूटिंग करीन, या अटीवर आले. एकाही फोटोत बाबा नाहीत, हे तू मला किती वेळा ऐकवलंस.

बुद्धवंदनेचा भाग मी कापणार होते. वंदना सुरू होताच बाबांनी सवयीने कॅमेरा खुर्चीवर ठेवून हात जोडले आणि बंद करायला विसरले. चित्रात नुसती अनवाणी पावलं. बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आवाजाची सेटिंग तपासायला तोच तुकडा घेतला, इअरफोन लावले. वंदना संपल्यावर भिवाकाका त्यांना टोमणा मारतात, आता तरी पोरीशी बोल, का तोंडात गुळणी धरली? त्यावर तुझे बाबा म्हणतात, "बोललो तं रडू येईन, भिवा. म्हणून तं कॅमेरा धरून राह्यलो."

मी त्यांना ते ऐकवलं. काढून टाक म्हणाले आणि अंगणात गेले. मी काढलेलं नाही, आणि तुला पाठवणारही नाही. रविवारी दोघं संभाजीनगरहून सकाळच्या गाडीने परतूरला या आणि इथे बसून ऐका. बाबांना तसं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, स्टेशनवर कोण जाणार? मी म्हटलं, मला एडिटिंगचं काम आहे. तेव्हा मी स्टेशनवर दिसले नाही तर रागावू नकोस.

तुझीच,
आई