कधीच न भरलेली टाकी

तुमच्या लेकाला ऐकू येत नाही आणि माझ्या लेकाला ऐकायचं नाही, आणि दोघंही अडले की तुमचं नाव पुढं करतात. मेलेल्या बाईच्या शब्दावर घर विकत घ्यायला निघालेत. म्हणून लिहायला बसले, आत्याबाई. सून म्हणून तुमच्यासमोर कधी मान वर केली नाही, पण तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढं मी कधीच गेले, तेव्हा आता मला दटावायचं काम नाही. ऐकून घ्यायचं.

गोष्ट अशी. तुमची लेक, माझ्या वन्सं, नदीपलीकडं वडगावच्या बाजूला दिल्या, त्या घराची आता जुनी भिंतही राहिलेली नाही. त्यांच्या लेकानं त्याच जागेवर स्लॅबचं घर बांधलं आणि आता तो ते विकायला काढतोय. पोरांच्या शाळेसाठी पुण्याला जायचं म्हणतो. घेणार कोण, तर माझा लेक. माझा नातू तिकडच्या कंपनीत लागलाय, आपल्या राहू गावातनं पूल ओलांडून शिफ्टला जाता-येता पोरगं वाळून गेलं. नातसून पोटुशी आहे. बाळ त्या घरात वाढवायचं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मी म्हटलं, घ्या की, पण आधी नळ-पाइप बघणारा माणूस नेऊन दाखवा. पाणी कुठनं येतं आणि कुठं जातं, दोन्ही. लगेच लेकाचं तोंड वाकडं. "आई, सख्ख्या आतेभावाचं घर हाय ते. पाव्हण्याच्या घरात प्लंबर घिऊन जायाचं म्हंजी त्याच्या तोंडावर थुकल्यागत हाय. आन् आजीनं सोता बघून दिल्यालं घर हाय. तिच्यापरास तुला जास्त कळतंय व्हय?"

बघून दिलेलं, हे खरं. मी होते की तुमच्याबरोबर. नवी नवरी, अर्धं ध्यान डोक्यावरच्या पदरात. आपण बैलगाडीतनं उतरलोय. पुरुष ओसरीवर बसलेत, पोह्यांच्या बश्या फिरतायत, रान किती, विहिरीत वाटेकरी किती, असं चाललंय. तुम्ही आतल्या बायकांना म्हणता, "जरा पाय धुती." मोरीत जाता, तांब्याभर पाणी ओतता आणि पाय न पुसताच मागच्या दारानं घराला वळसा घालता. मी मागं मागं. पाणी भिंतीच्या भोकातनं बाहेर येतं, चरातनं वळतं, आळूच्या पानांखालनं केळीच्या बुडाशी जातं. विहीर पार दुसऱ्या अंगाला, चढावर. तुम्ही केळीपाशी वाकून चिमूटभर माती उचलता, नाकाशी धरता आणि म्हणता, "जाताना दिसतंय पाणी. द्यायची पोरगी." परत येताना गाडीत मला हसू आवरेना. दागिने बघायचे सोडून ही बाई गटार बघून आली. तुम्ही माझ्या मांडीला असा चिमटा काढलात की ती काळीनिळी झाली. "दागिना मोडता येतो. पोटात गेल्यालं पाणी काढून दावशील का?"

तर तुम्ही पास केलेलं घर ते होतं. आता केळ गेली, आळू गेलं, चर बुजला, विहीर बुजली, आणि जे काही आहे ते अंगणातल्या पेव्हर ब्लॉकखाली आहे. तुमचं नाव मात्र अजून चालतंय.

रविवारी आम्ही बघायला गेलो. माझं ऐकलं ते एकट्या नातवानं. कंपनीच्या कॉलनीच्या बांधकामावर काम करणारा एक बिहारी प्लंबर त्यानं मोटारसायकलवर मागं बसवून आणला. भाच्यानं, वन्संच्या लेकानं, हसत "या, या" केलं, पण आत बायकोला हाक मारली ती अशी की तिच्या हातातलं ताट वाजलं. घर झकपक. भिंतींना नवा रंग, आणि रंगाच्या वासावर फिनेलचा वास, इतका की डोळे चुरचुरावेत. पाव्हणे येणार म्हणून थोडं फिनेल मीही टाकते. इथं बाटलीच्या बाटली ओतली होती. चहा घेऊन आली त्या सुनेच्या डोळ्यांत पिवळी झाक. वर्षात दोनदा कावीळ झाली, म्हणाली. "भायेरचं खाल्लं आसंल," नवरा मधेच बोलला. ती बिचारी बाहेर कधी जाते, ते त्यानं सांगितलं नाही.

प्लंबरनं सगळे नळ सोडले, बंद केले, गच्चीवर चढला, बेसिनखाली बॅटरी मारून बघितलं. "मौसी, एकदम बढिया. प्रेशर देखो!" माझा लेक माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसतोय. मी म्हटलं, "आनेका बढिया. जानेका किधर?" तो म्हणाला, "वो तो फर्श के नीचे है मौसी, तोडना पडेगा." त्यावर भाचा, "मामी, तुमच्यासाठी अंगान फोडू का आता?" सगळे हसले. आणि मग त्यानं आपण होऊन सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. "संडासाच्या टाकीचं तर टेन्शनच न्हाई मामी. घर बांधल्यापास्नं एकदाबी उपसायची गाडी बोलवली न्हाई. भरतच न्हाई आमची टाकी."

सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. माझ्या हातातला कप तिथंच राहिला. भरलं घर, वर पाव्हणेरावळे, आणि टाकी भरत नाही? आमची उपसावी लागते, आणि आम्ही माणसं तर निम्मा दिवस रानातच. मी विचारलं, "बोर किती मारलं होतं रं?"

"दोन. पयला कोरडा गेला. दुसऱ्याला लागलं, त्याच्याच शेजारी."

"आन् कोरडा कुठं हाय?"

"बुजवला."

"कुठं?"

"आसंल हितंच फरशीखाली. मामी, पोलिसात भरती झाला का काय तुम्ही?"

परत हसणं. मी गुडघ्याचं निमित्त करून उठले आणि त्यांच्या संडासात गेले. खुर्चीसारखा कमोड, कडेला धरायला दांडी. बटण दाबलं. पाणी पाइपात गडगडत गेलं, थांबलं, आणि मग खालनं, फार खालनं, पडक्या विहिरीत ढेकूळ टाकल्यावर येतो तसा आवाज आला. टाकी म्हणजे पुरुषभर खड्डा. त्यात पडलेलं पाणी एवढ्या उशिरा वाजत नाही. परत दाबलं. परत तसंच. जणू खाली कुणी तोंड उघडून बसलंय आणि त्याचं पोट भरतच नाही.

आमच्या इकडं एकानं असंच केलं होतं. कोरडा बोर फुकट कशाला घालवा, म्हणून संडासाचा पाइप त्यात सोडून मोकळा झाला. तुमच्या वेळी बोर नव्हते, म्हणून सांगते. खाली दगडाला भेगा असतात, घाण एका जागी थांबत नाही. वस्तीवरच्या पाण्याला वास यायला लागला तेव्हा सगळ्यांना कळलं, तोवर निम्मी वस्ती दवाखान्यात. म्हणून म्हणते, त्या घरात वरनं जे जातं तेच शेजारच्या बोरातनं परत वर येतंय, आणि नळाला प्रेशर एकदम बढिया आहे.

वन्सं स्वयंपाकघरात एकट्याच कणीक मळत होत्या. जिन्याखाली विकतच्या पाण्याचे जार, त्यांवर चादर. कणकेलाही त्यांनी जारचंच पाणी घेतलं. मी म्हटलं, "वन्सं, नळाला धो धो पाणी आन् तुम्ही इकतचं कशाला घेता?"

"सवं झाली, वहिनी."

"आन् सूनबाईची कावीळ?"

कणीक मळून झाली होती तरी मळत राहिल्या. दारात त्यांच्या लेकाची चप्पल वाजली, तशी त्यांनी ओल्या हातानं जारवरची चादर खाली ओढली. तुमच्यासमोर उलट बोलणारी ती पोरगी, आत्याबाई. एवढ्या घरात तुम्हाला भीत नव्हती ती एकटीच.

निघताना कुंकू लावायला म्हणून त्यांनी मला जवळ ओढलं. बोट माझ्या कपाळावर दाबून धरलं आणि कानाशी म्हणाल्या, "नातसुनंला म्हायेराला धाडा. बाळंत झाल्यावरबी तिकडंच ऱ्हाऊ द्या. लेकरू मोठं हुईस्तवर आणू नगा हितं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "या बरं का वहिनी, घर तुमचंच हाय!"

गाडीत लेक म्हणाला, "झालं समाधान? बिस्तरवारी इसाराचं पैसं द्यायाचं." मी त्याला आवाजाचं सांगितलं. "संडासात बसून आवाज ऐकत हुतीस, आसं सांगू का लोकांना?" पुढच्या सीटवरनं तुमच्या लेकानं विचारलं, काय म्हणती ती? "घर आवडलं म्हणती!" माझा लेक ओरडला. तुमच्या लेकानं समाधानानं मान हलवली. "आवडंलच. आईनं बघून दिल्यालं हाय."

वन्सं काय बोलल्या ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की लेक लगेच आतेभावाला फोन लावणार, आणि मग वन्संना त्या घरात ताट मिळायचं नाही. घर विकल्यावर पुण्याला त्यांना न्यायचं की कुठं टाकायचं, तेही भाच्याच्याच हातात. आणि नाही सांगावं, तर इकडं नातसून मोबाइलवर त्या घराचे फोटो बघत पाळणा कुठं टांगायचा ते ठरवत बसलीये. काल मला विचारत होती, "आजी, बाळाच्या अंघोळीला गरम पाण्याचा नळ आतच हाय, बघितलात का?" बघितला, म्हटलं.

उद्या बिस्तरवार. इसाराआधी भाच्याकडं जेवण आहे. बायकांत वयानं मी मोठी, मी ताटावर बसल्याशिवाय दोन्ही घरातलं कुणी घास उचलणार नाही, ही रीत तुमचीच. मी बसणार नाही. अंगणात त्या ब्लॉकवर बसणार. पहार गाडीत टाकायला नातवाला सांगितलं आहे. पाव्हण्याच्या दारात उपाशी बसणं म्हणजे काय ते मला कळतं. पुन्हा जाणं-येणं राहणार नाही, लेक माझ्याशी बोलणार नाही, तुमचा लेक विचारत राहील काय झालं आणि त्याला कुणी सांगणार नाही. चालेल. पाइप कुठं जातो ते बघितल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही.

हे काही तुम्हाला पोचायचं नाही. पोचलं असतं तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मलाही जोडाक्षर आलं की हात अडतो. पिठाच्या डब्याखाली पडून राहील. म्हणून एक लिहून टाकते. मला ते घर आवडलं. तो कमोडही आवडला. किती दिवसांनी उठताना कुणाला हाक मारावी लागली नाही. खालचा तो आवाज ऐकल्यावरही दांडी धरून तशीच बसले होते, आणि मनात आलं, म्हातारे, गप राहा, तुझे किती दिवस राहिलेत, सुखानं बस. वन्संचं बोट कपाळावर टेकलं नसतं तर गप बसलेही असते.

तेव्हा आता तुम्ही एकच करायचं. उद्या तुमच्या लेकीकडं बघायचं नाही. तिला कधीपासनं माहीत होतं, ती का बोलली नाही, हे तिला कुणी विचारायचं नाही, तुम्हीही नाही. मी विचारणार ते तुमच्या त्या नातवाला, वन्संच्या लेकाला. ब्लॉक उचलल्यावर, खाली बघून, सगळ्यांसमोर. उत्तर त्यानंच द्यायचं.