आत की बाहेर हे ठरेपर्यंत खोलीला कुलूप न लावण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
खगोल संशोधन संस्था.

विषय : 'घटनास्थळ' न कळवल्यामुळे बंद करण्याचे ठरलेले गॅमा-किरण स्फोटांचे संशोधन चालू ठेवण्याबाबत.
संदर्भ : खोली सोमवारी सील करण्याचे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार या संस्थेत संशोधक आहे. दूरवर एखादा तारा मरतो, त्यातून द्रव्याचा झोत सुटतो आणि गॅमा किरणांचा स्फोट दिसतो. त्यातला अगदी सुरुवातीचा, सर्वांत जोरकस प्रकाश झोताच्या आतल्या टकरींतून येतो, की झोत बाहेरच्या वायूवर आदळतो तिथून, यावर जगभर वाद आहे. तो सोडवण्यासाठीच अर्जदारास खोली व संगणक मिळाला.

२. मुदतवाढीच्या अर्जात 'घटनास्थळ' या रकान्यात अर्जदाराने "आत किंवा बाहेर" असे खरे ते लिहिले. तिथेच माशी शिंकली. अंतर्गत विभागाने 'बाहेर' वाचून फाईल बाह्य विभागाकडे धाडली, बाह्य विभागाने 'आत' वाचून परत केली. हल्ली शिपाईमामा अर्जदाराआधी फाईलची ख्यालीखुशाली विचारतात.

३. वरिष्ठ लिपिकांनी आपुलकीने सुचवले, "मॅडम, 'आत' लिहा आणि मोकळ्या व्हा. वर बघायला कोण जातंय?" अर्जदार वर बघण्याचाच पगार घेते, हे त्यांना सांगवले नाही.

४. मग आपण स्थळपाहणीचा अहवाल मागितलात. सदर स्थळ अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असून तारा मयत आहे, सबब जबाबास हजर राहू शकत नाही. त्यावर आपल्या बैठकीने 'स्थळ आढळत नाही, म्हणून घटना घडली नाही' असा बहुमताने ठराव केला. जगातले शास्त्रज्ञ ज्यापुढे हात टेकतात, तो प्रश्न आपण चहा गार व्हायच्या आत निकाली काढलात. आपले अभिनंदन करावे की कपाळ बडवावे, हे अर्जदारास कळत नाही.

५. अर्जदारास संताप आला आहे, याची नोंद व्हावी. उमेदीची वर्षे या एका प्रश्नात गेली. संगणकावरची गणना आता कुठे कौल देऊ लागली आहे. मध्येच वीज तोडली तर सगळे पाण्यात जाईल.

६. तरी मुदतवाढ मिळावी, ही विनंती. ती न मिळाल्यास सोमवारी अर्जदार संगणकापुढे बसलेली असेल व उठणार नाही. कुलूप खुशाल लावावे. निदान या प्रकरणात आत कोण आणि बाहेर कोण, हे दोन्ही विभागांना एकमताने लिहिता येईल.

आपली, अजून तरी नम्र,
(स्वाक्षरी)
संशोधक
दिनांक : आपला आवक शिक्का पडेल तो

सोबत : खोलीच्या दोन्ही किल्ल्या.