इकडे हवा उत्तम आहे

दि. ४ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पुढच्या आठवड्यात माझं गर्भाशय काढायचं ठरलं. गाठी फार वाढल्यात, दुसरा इलाज नाही. म्हणजे आता पुन्हा मूल नाही, हेही ठरलंच.

या खेपेला मी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय, की अफूच्या जातीचं औषध नको. बाळाच्या वेळी त्याच औषधाने मी ओकत नि झोपत राहिले, आणि तेवढ्यात तो येऊन गेलाही. बाई म्हणाल्या, जमवू. पोटाच्या नसा बधिर करायची इंजेक्शनं आणि दुसरी औषधं देऊ, पण फारच दुखलं तर हट्ट करायचा नाही.

आजी, तू त्याला मांडीवर घेतलं होतंस. घरात कोणी त्याचा विषय काढत नाही. तो कसा होता, सांगशील? ऑपरेशनला जाण्याआधी मला ते हवंय.

तुझी,
ठमी

दि. ८ मार्च

चि. सौ. ठमीस अनेक आशीर्वाद.

मला अक्षर येत नाही म्हणून तुझा बाप लिहितोय. दुखणं कळू नये म्हणून जगाने भूल शोधली, आणि आमची नात म्हणते मला शुद्ध हवी. दात पडायचा तरी सगळी गल्ली गोळा करायचीस, आता एवढी शूर कुठून झालीस? बाई सांगतील ते ऐक. नवऱ्याला पलंगाजवळ बसव. त्याला रडू आलं तर येऊ दे. पुरुषांना रडायला कारण लागतं, ते आयतं मिळतंय.

इकडे हवा उत्तम आहे. सर्वांची प्रकृती ठीक.

लोभ आहे तो वाढवू नकोस, या वयात झेपायचा नाही. आहे तेवढा राख.

तुझी आजी

दि. १५ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं. जागी झाले तेव्हा डोकं लख्ख होतं. ओकारी नाही, गुंगी नाही. पोट दुखतं, पण सोसवतं. संध्याकाळी भिंत धरून दारापर्यंत गेले. सगळे खूश. मग पलीकडच्या वॉर्डात एक तान्हं रडलं, आणि तेही मला लख्ख ऐकू आलं. माझा चेहरा बघून नर्सने विचारलं, दुखतंय का, औषध वाढवायला सांगू का. मी नको म्हणाले.

आजी, तू हवेबद्दल कधीपासून बोलायला लागलीस? मी एकच गोष्ट मागितली होती. तुझ्याही तोंडून निघाली नाही, तर कोणाला विचारू?

ठमी

दि. १९ मार्च

ठमे, माझे राणी, आशीर्वाद.

हे शेजारची शिवणवाली लिहितेय. तुझं पत्र तिच्याकडून वाचून घेतलं तेव्हा मला कळलं. मी सगळं सांगितलं होतं गं. तुझा बाप मान खाली घालून लिहीत होता. मला काय, कागदावर मुंग्या चालल्या तरी अक्षरंच वाटतात. विचारलं तर म्हणाला, हात चालला नाही. एवढा घोडा झालाय, पण त्याच्यावर ओरडायला मला तोंड उघडवेना.

तर ऐक. रंग तुझा. कपाळावर आठ्या तुझ्या बापाच्या, जन्मतःच कुणाचा तरी राग आलेला. डावा कान दुमडलेला. बोट दिलं तर सोडेना. मग शिंकला. एवढ्याशा जिवाची एवढी थोरली शिंक, आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, शंभर वर्षं जग.

थोड्या वेळाने श्वास अडायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही, जवळ घ्या. तुझ्या बापाने घेतलं आणि तुझ्या पलंगाभोवती फिरत राहिला. म्हणत होता, थांब रे राजा, आई उठतेच आहे. तू उठायचीस, ओकायचीस, पुन्हा झोपायचीस. तो गेला तरी बाप तेच म्हणत होता. मी त्याला सांगितलं नाही. फिरू दिलं.

पण त्याआधी, तू झोपेत होतीस तेव्हा, त्याने वाकून बाळाचा गाल तुझ्या गालाला टेकवला होता. तेव्हा बाळात जीव होता, ठमे. मी पाहिलंय.

याहून जास्त आज सांगवत नाही. जपून चाल.

तुझी आजी