ग्रीन चॅनलमधली बाई

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मी मस्कतहून आले.

निगडीच्या आमच्या ट्रेनिंग सेंटरला कस्टम्सच्या नव्या इन्स्पेक्टरांची बॅच आलीय. हॉलमध्ये टेबलं मांडून विमानतळ केलाय. एका खांबावर हिरवा कागद, दुसऱ्यावर लाल. ज्याच्याकडे सांगण्यासारखं, कर भरण्यासारखं काही नाही त्याने हिरव्याखालून जायचं. दर वेळी प्रवासी होतो आमचा शिपाई, तो मध्येच हसतो आणि खेळ मोडतो. आज तो रजेवर. कुलकर्णी साहेब माझ्या टेबलाशी आले. "गायकवाड बाई, टायपिंग सोडा जरा. बॅग घ्या आणि परदेशातून या."

इतकी वर्षं या खात्यात क्लार्क आहे, विमान आतून पाहिलेलं नाही. बॅग सेंटरचीच, आत जुने टॉवेल. साहेबांनी पिंपरीच्या बाजारातली खोटी सोनसाखळी दिली, ती घडीत दडवली. पोरांनी ती शोधायची. हिरव्या कागदाखालून चालताना काय झालं कोण जाणे, पाय माझे राहिले नाहीत.

"कुठून आलात?"

"मस्कत. नर्स आहे मी तिथे."

नर्स हा शब्द कुठून आला?

तिघांनी विचारलं, तिघांनीही सोडलं. साहेब खूश. यापुढे हे काम माझंच म्हणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नर्सचं नाव शैला. माहेर राजगुरुनगर. मस्कतला एका खोलीत तिघी राहतात. नाईट करून आली की ती पडदा ओढून झोपते आणि झोपेत तिला भीमा नदीचा आवाज…

बसमध्ये हे सगळं जुळवत होते, तर आमचा पिंपळे गुरवचा स्टॉप मागे गेला. दोन स्टॉप चालत परत आले. बरं वाटलं चालायला. संध्याकाळी इथून विमानं खूप खाली दिसतात, लोहगावच्या विमानतळावर उतरणारी. पोटाखालचे दिवेसुद्धा दिसतात. आजवर वर बघून चालायची सवय नव्हती.

घरी नवरा, अनिल, चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आलेला, बुटांसकट पलंगावर. मी ओट्याशी.

"कुणाशी बोलतेस गं?"

"शैलाशी."

"कोण शैला?"

"मस्कतची."

"तिला म्हणावं, भाजी खाली लागतेय."

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज साखळी लोकरीच्या गुंड्याच्या पोटात. वर अर्धा विणलेला स्वेटर, बहिणीच्या बाळासाठी. (बहीण नाही मला.) टेबलाशी प्रणिता म्हणून मुलगी होती, परभणीकडची. सव्वीसेक वर्षांची असेल. मोठे डोळे, युनिफॉर्म खांद्यांवर सैल. मी म्हटलं, रात्रभर प्रवास झाला, तिकडे आमच्या खिडकीतून समुद्र दिसतो, पण इथल्या मातीचा वास काही येत नाही. ती ऐकतच राहिली. मग म्हणाली, "लई थकून आल्या असताल ताई. जावा तुम्ही."

वर्ग खो खो हसला. कुलकर्णी साहेब हसले नाहीत. "मॅडम, तुम्ही अधिकारी आहात. पाहुण्यांना वाटेला लावायला आलेल्या नाही."

असं सोडायची तिसरी वेळ तिची. शेवटच्या प्रॅक्टिकललाही असंच झालं तर प्रोबेशन वाढणार. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. गुंडा उलगडून साखळी काढली, तर लोकरीचा गुंता झालेला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन. जयभीम, तब्येत, गुडघे, भावाच्या पोराचं ॲडमिशन. मी हं हं करत होते. आज मी शैला नाही, जर्मनीला गेलेल्या इंजिनिअरची बायको आहे. चाकणच्याच कंपनीने पाठवलं नवऱ्याला. तिकडे चार वाजता अंधार पडतो, ती मेणबत्ती लावून बसते आणि नवऱ्याची वाट बघते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

आई म्हणाली, "वंदे, तू कुठाय गं?"

"इथेच की."

"न्हाई वाटत."

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्रणिता चहाला माझ्याजवळ येऊन बसली. बिस्कीट बुडवलं ते कपातच राहिलं.

"ताई, मला समदेच खरं बोलायलेत असं वाटतंय. काय करू?"

"घरी कुणी खोटं बोलत नव्हतं का?"

"बोलत व्हते की. बाबा दारू सोडली म्हनायचे. आमी धरायचोच खरं. न्हाई धरलं तर घरात राहनार कसं?"

मी तिच्या कपातलं बिस्कीट चमच्याने काढून दिलं.

जाताना कुलकर्णी साहेब म्हणाले, यंदा इन्स्पेक्टरच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसा. फेब्रुवारीत आहे. टेबलाच्या या बाजूला किती दिवस उभ्या राहणार? मी दोनदा नापास झालेय हे त्यांना माहीत आहे. तरी म्हणाले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रॅक्टिकल. जर्मनीची बाई घेऊन गेले. अनिलचा जाड स्वेटर, केस मोकळे. बॅगेत मेणबत्त्यांचे छोटे डबे, साखळी त्यातल्या एकात, मेणाखाली. काल गॅसवर मेण वितळवून वरून ओतलं होतं. प्रणितासमोर उभी राहिले. अंधाराचं सांगितलं, मेणबत्तीचं सांगितलं, बर्फ पडतो तेव्हा सगळं शहर कानात कापूस घातल्यासारखं होतं हे सांगितलं. हे वाक्य काल सुचलं होतं, माझं आवडतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, सोडते.

"ताई, लई छान सांगायलाव तुम्ही."

"मग जाऊ?"

"माझी मावशी दुबईहून आल्ती. आमी समदे गोळा झालो, सांग म्हनलं दुबईचं. तर ती म्हनली पाय दुखायलेत, आधी चहा टाका." मग आवाज बदलला, प्रमाण मराठी झाली. "बॅग उघडा मॅडम."

तिने मेणबत्त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि एकेक हातात घेऊन तोलली. तिसरी जड लागली. वर्गाने टाळ्या वाजवल्या, साहेबांनीही. मीही वाजवल्या.

बसमध्ये मात्र डोळे भरून आले. पकडले गेले म्हणून नाही. छान सांगते म्हणून पकडले गेले. जे जे छान तेवढं खोटं, असंच ना?

९ डिसेंबर, मंगळवार

बॅच गेली. प्रणिताला विमानतळावर पोस्टिंग मिळालं, पेढे देऊन गेली. पाया पडायला वाकली, मी खांदे धरून उभं केलं.

परीक्षेला बसायचं ठरवलंय. अनिल म्हणाला, "बस की. तू अधिकारी झालीस तर मी सेकंड शिफ्टला डबा घेऊन जाणारा साहेबीणबाईंचा नवरा." पुस्तकं ओट्यावर ठेवून वाचते. आयात, निर्यात, गोदाम, अपील. कलमं वाचता वाचता डोळ्यांपुढे कंटेनर येतात, चाकणच्या रस्त्यावर अडकलेले, एकामागे एक, आणि प्रत्येकात कुणीतरी झोपलेलं असावं असं वाटतं. मग परत पहिल्या ओळीपासून.

६ जानेवारी, मंगळवार

प्रणिताचा फोन. सगळं एका दमात.

पहाटेच्या विमानाने एक म्हातारी आली, एकटी. लेकीकडे बाळंतपणाला गेलेली. प्रणिताने विचारलं, कसं होतं तिकडे? बाई म्हणाली, थंडी वाजायची. बस, एवढंच. खरी वाटली. शालीखाली मात्र दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले. लेकीने घातलेल्या. बिनकराची सूट असते त्याच्या कितीतरी वर सोनं, आणि बाई हिरव्या वाटेने निघालेली. ड्युटी भरायला जवळ काही नाही. ठेवून घ्याव्या लागणार होत्या.

बांगड्या निघेनात. हात सुजलेले. प्रणिताने साबण लावला. बाई ओरडली नाही, भांडली नाही. नुसती रडत होती आणि म्हणत होती, "लेकीनं घातल्यात गं, तू नको काढू."

"काढल्या मी, ताई. पावती दिली. समदं नियमानं केलं. वरिष्ठ म्हनले, शाबास. पन त्या बाईनं जाताना माझ्याच हाताला धरून जिना उतरला. दुसरं कुनी नव्हतं ना तिला." मग, "तुम्ही कधी रडला न्हाईत ओ आमच्यापुढं."

मी म्हटलं, झोप आता. दुसरं काय म्हणायला हवं होतं?

७ जानेवारी, बुधवार

ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. शैलाला मी घडवलं, जर्मनीवालीला घडवलं. हिला कुणी घडवलं नाही, म्हणून ही जात नाही. दुपारी टायपिंग करताना साबणाचा वास आला, खरंच आला. उठून हात धुऊन आले.

अनिलला सांगितलं. तो खूप वेळ बूट पुसत बसला. "सोनं सोडलं असतं तर?"

"तर तिची नोकरी गेली असती. आणि उद्या सगळ्याच आज्या भरल्या हातांनी येतील, खऱ्या आणि खोट्या."

"मग बरोबरच केलं की पोरीनं."

"हो. बरोबरच केलं."

दोघंही एकमेकांकडे न बघता.

२० जानेवारी, मंगळवार

नवी बॅच आलीय. साहेबांना म्हटलं, या वेळी मला रडायचंय.

ते चष्म्यावरून बघत राहिले. "म्हणजे?"

"पोरांना सगळं शिकवता तुम्ही. कुठे बघायचं, काय विचारायचं. समोरचं माणूस रडायला लागलं की काय करायचं ते कोण शिकवणार?"

"खोटं रडून अधिकाऱ्याला विरघळवणारे रोज येतात, बाई. त्याचं लेक्चर आहे माझं."

"आणि खरं रडणारे?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. "सोमवारी दोनला हॉल मोकळा आहे," म्हणाले. "या सोमवारी नको. पुढच्या."

२ फेब्रुवारी, सोमवार

आईची जुनी शाल पांघरून गेले. बांगड्या पिंपरीतूनच आणल्या, हलक्या, पिवळ्या. नाव ठरवलं नव्हतं, गाव ठरवलं नव्हतं. टेबलाशी शिंदे म्हणून एकजण, सैन्यातून रिटायर होऊन इकडे आलेला, मोठ्या हाडाचा. बाईची झडती घ्यायची वेळ आली तर, म्हणून मागे बॅचमधली एक मुलगी उभी.

"कुठून आलात?"

"लेकीकडून."

रडायला कसं सुरू करायचं याची तयारी केली होती. तिची गरजच पडली नाही. आलं ते आलं, आणि थांबेना. वर्गात आधी कुणीतरी हसलं, मग ते हसणंही बंद झालं. मुलगी नखं बघत उभी. कुणासाठी रडत होते मला ठाऊक नाही. लेक नाही मला. शैला नाही, कुणीच नाही. नुसती शाल होती आणि आत मी.

साहेबांचा आवाज आला, "गायकवाड बाई, पुरे." मी हातानेच नको म्हटलं.

शिंदे उभा राहिला. मला वाटलं, पाणी आणायला चाललाय. त्याने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि माझ्या शेजारी मांडून बसला. माझा हुंदका जरा बसल्यावर हळूच म्हणाला, "मावशी, बांगड्या जास्त आहेत. त्या ठेवाव्या लागतील, ते माझ्या हातात नाही. पण घाई नाही आपल्याला. तुमच्या तुम्ही काढा. मी बसतो इथे."

एकेक काढली. सगळा वर्ग थांबला होता. हलक्या होत्या, तरी वेळ लागला.

नंतर व्हरांड्यात साहेबांना गाठलं. "शिंदेंनी बरोबर केलं का?"

साहेब रुमालाने चष्मा पुसत राहिले, आधीच स्वच्छ होता तरी. "अधिकाऱ्याने टेबल सोडायचं नसतं," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "खुर्चीबद्दल मात्र नियमात काही लिहिलेलं नाही."

मग विचारलं, "पुढच्या आठवड्यात पेपर. बसताय ना?"

हो म्हटलं बहुतेक. की नुसती मान हलवली?

घरी. अनिल सेकंड शिफ्टला. पुस्तक समोर उघडं आहे, जप्तीचा धडा अजून वाचलेला नाही. मध्येच थांबून बाहेर बघते. उद्या सकाळी डोकं शांत असताना वाचीन, किंवा…